मातीलाही वय असतं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आमच्या मुक्ताईनगरात वयाचा विषय निघाला, की चांगदेवांचं नाव निघतंच. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याला वयानं लहान असलेल्या मुक्ताईनं उपदेश केला, ही कथा इथल्या घराघरांत सांगितली जाते. आज मीही वयाबद्दलच बोलणार आहे. पण माणसाच्या नव्हे, भाजलेल्या मातीच्या. इंग्रजीत जिला सिरॅमिक म्हणतात ती माती. घरातली कपबशी तिचीच, विजेच्या खांबावरचा इन्सुलेटर तिचाच आणि रेडिओच्या पोटात असतात त्या हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चकत्याही तिच्याच. या मातीला वय असतं हे मला फार उशिरा कळलं. ते ठाऊक नव्हतं म्हणून माझ्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात बायफोकलचा इलेक्ट्रॉनिक्स विषय शिकवत असे. गोष्ट १९९६ सालची. कॅपॅसिटरची क्षमता मोजण्याचं प्रात्यक्षिक होतं. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात, तोच हा कॅपॅसिटर. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवायचे आणि मध्ये वीज वाहू न देणारा पदार्थ भरायचा, एवढीच त्याची रचना. या मधल्या पदार्थाला डायइलेक्ट्रिक म्हणतात. मराठी पुस्तकांत ‘पराविद्युत’ असा शब्द आढळतो. त्यातून वीज आरपार जात नाही, पण त्याच्या आतले धन आणि ऋण भार जागच्या जागी किंचित सरकतात. ते जितके जास्त सरकतील, तितकी जास्त वीज त्या पत्र्यांवर साठते.

आमच्या गटात संगमाकडच्या एका गावचा मुलगा होता. वडिलांची केळीची बाग, मुलगा अबोल. त्यानं सोमवारी एक सिरॅमिक चकती पट्टीवर सोल्डर केली. हात नवशिके, त्यामुळे तापलेलं सोल्डरिंग आयर्न जरा जास्तच वेळ टेकवलेलं. तासाभरानं त्यानं मोजणी केली आणि वहीत लिहिलं : १०.४ नॅनोफॅरड. प्रात्यक्षिक तीन आठवडे चालणारं होतं. पुढच्या सोमवारी तीच चकती, तोच मीटर, खोलीचं तापमानही तेच, आणि त्यानं लिहिलं : ९.३.

मी वही पाहिली आणि चिडलो. आठवड्यात दहा टक्के फरक? मातीची चकती ती, तिच्यात आटायला पाणी नाही की झिजायला चाक नाही. ‘अंदाजे आकडे टाकतोस? नीट मोजता येत नसेल तर विज्ञानाला आलास कशाला?’ असं सगळ्यांसमोर बोललो आणि ९.३ वर लाल शाईनं फुली मारली. तो म्हणाला, ‘सर, मी दोनदा मोजलं.’ मी पुढं ऐकलंच नाही.

तिसऱ्या सोमवारी त्याच्या वहीत पुन्हा १०.४ आलं. मी ‘आता कसं बरोबर आलं!’ म्हणून सही केली आणि पूर्ण गुण दिले.

पुढं सात-आठ वर्षांनी जळगावला शिक्षकांच्या एका उजळणी वर्गाला गेलो होतो. तिथं एका तज्ज्ञांनी फळ्यावर एक तिरकी रेघ काढली आणि सांगितलं, की बेरियम टायटानेटच्या कॅपॅसिटरची क्षमता तो तयार झाल्याच्या क्षणापासून कमी होऊ लागते. तो कपाटात नुसता पडून असला, त्यातून कधी वीजच खेळवली नाही, तरीही. मी वहीत ती रेघ उतरवून घेतली आणि माझा हात थांबला. मला ती लाल फुली आठवली.

आता या बेरियम टायटानेटची थोडी ओळख करून देतो. पूर्वी चांगल्या कॅपॅसिटरमध्ये अभ्रक वापरत, आणि जगाला अभ्रक पुरवणाऱ्या देशांत आपला देश आघाडीवर होता. दुसऱ्या महायुद्धात बिनतारी यंत्रांची आणि रडारची गरज वाढली, अभ्रक पुरेना, तेव्हा पर्यायांचा शोध सुरू झाला. १९४० नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिका, रशिया आणि जपान या तिन्ही देशांत स्वतंत्रपणे बेरियम टायटानेटचे गुण ध्यानात आले. निर्वात पोकळीची साठवण एक धरली, तर अभ्रकाची किंवा इन्सुलेटरच्या चिनी मातीची सहा-सातच्या आसपास भरते. बेरियम टायटानेटची हजाराच्या वर जाते. त्यात इतर द्रव्यं मिसळून दहा हजारांपर्यंतही नेता येते. म्हणून तर रेडिओतला कंडेन्सर डाळीएवढा झाला आणि आज मोबाइलमध्ये मोहरीहूनही लहान असे शेकडो कॅपॅसिटर बसतात. आपल्याकडेही यावर काम झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पोतदार, देशपांडे, दाते या शास्त्रज्ञांनी बेरियम टायटानेटची बारीक आणि शुद्ध भुकटी रासायनिक मार्गानं कशी करावी, यावर १९९०च्या दशकात संशोधन केलं.

या मातीचा स्फटिक मोठा मजेदार असतो. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर तो अगदी सममित, चौकोनी ठोकळ्यांचा असतो. त्याखाली निवला, की प्रत्येक ठोकळ्यातला टायटॅनियमचा अणू मधली जागा सोडून किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे प्रत्येक ठोकळा म्हणजे एक छोटा बाण होतो : एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण. शेजारशेजारचे बाण एका दिशेला तोंड करतात आणि त्यांचे गट पडतात. दोन गटांच्या मधल्या सीमा सहज इकडेतिकडे सरकतात. बाहेरून वीजदाब दिला की त्या सरकतात, म्हणूनच ही माती एवढी साठवण करू शकते.

मग वय कुठून आलं? महाशिवरात्रीची आपली यात्रा डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी माणसं येत असतात. कोणी सतरंजी टाकतंय, कोणी पिशवी ठेवायला जागा शोधतंय. अशा वेळी ‘जरा सरका’ म्हटलं, की माणूस सहज सरकतो. रात्री दहाला तेच म्हणून पाहा. पोरं झोपलेली, सामान लावलेलं, पाठ टेकायला खांब मिळालेला. जो तो आपापल्या सोयीच्या जागी बसलेला असतो. सरकतो, पण बोटभर. नुकत्याच निवालेल्या मातीत त्या सीमा संध्याकाळच्या गर्दीसारख्या असतात. हळूहळू त्या स्फटिकातल्या खाचाखोचांत, दोषांच्या आधारानं, सोयीच्या जागी रुतून बसतात. बाहेरचा वीजदाब तेवढाच असतो, पण त्या पूर्वीइतक्या हलत नाहीत. म्हणून क्षमता कमी भरते.

आणि मध्यरात्री अचानक पाऊस आला तर? सगळी यात्रा उठून उभी राहते, आणि मग पुन्हा जागांची शोधाशोध पहिल्यापासून सुरू होते. मातीचंही तसंच आहे. तिला १२०-१३० अंशांच्या वर तापवलं, की बाण पुसले जातात, गट मोडतात, आणि निवताना तिचं वय पुन्हा शून्यापासून मोजायला लागायचं. प्रयोगशाळेत असा कॅपॅसिटर १५० अंशांवर तासभर ठेवतात, नंतर दिवसभर थांबतात आणि मगच मोजतात. माझ्या विद्यार्थ्यानं सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून नकळत हेच केलं होतं. त्यानं त्या चकतीला नव्यानं जन्म दिला आणि तासाभरात तिचं बालपण मोजलं. आठवड्यानं मोजलं ते तिचं तरुणपण. दोन्ही आकडे खरे होते.

हे वय वाढण्याचा हिशेब आपल्या वाढदिवसांसारखा नाही. तो दहापटींनी चालतो. पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जेवढी घट होते, साधारण तेवढीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत होते आणि तेवढीच शंभरापासून हजारापर्यंत. मातीच्या मिश्रणाप्रमाणे प्रत्येक दहापटीला ही घट एक-दोन टक्के असते किंवा पाच-सहा टक्केही असते. जितकी साठवण अफाट, तितकी घटही सहसा जास्त. एक लाख तास म्हणजे साडेअकरा वर्षांच्या आसपास. तोवर पाच पायऱ्या होतात. पुढच्या पायरीला एकशे चौदा वर्षं लागतात आणि त्यापुढच्या पायरीला हजाराच्या वर. म्हणजे चांगदेवांची चौदाशे वर्षं या मातीच्या हिशेबात जेमतेम सात पायऱ्या आणि थोडं वर. पहिल्या साडेअकरा वर्षांतलं अर्धंअधिक म्हातारपण तिला पहिल्या दीड महिन्यातच येऊन जातं. म्हणूनच चांगले उत्पादक ही घट आधीच जमेस धरून क्षमता ठरवतात.

वयाबरोबर दुसरी गोष्ट येते ती ताणाची. ताण दोन प्रकारचा. पहिला विजेचा. अशा कॅपॅसिटरवर सतत एकाच दिशेचा वीजदाब ठेवला, की ते बाण त्या दिशेला ओढून धरले जातात आणि आणखी हलायला मोकळे राहत नाहीत. अंगावर दहा मायक्रोफॅरड लिहिलेला लहान कॅपॅसिटर प्रत्यक्ष कामावर असताना निम्माही भरत नाही, असं घडतं. वीजदाब काढला की बराचसा पूर्ववत होतो. पण जास्त उष्णता आणि जास्त वीजदाब दोन्ही वर्षानुवर्षं सोसायला लावले, तर गोष्ट वेगळी. स्फटिकात ऑक्सिजनच्या ज्या रिकाम्या जागा असतात, त्या हळूहळू एका टोकाला जमा होतात आणि वीज अडवणारी माती वीज झिरपू देऊ लागते. हे म्हातारपण तापवून जात नाही.

दुसरा ताण वाकवण्याचा, दाबण्याचा. आपल्या स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर घ्या. खटका दाबला की आत एक छोटी हातोडी या मातीच्या नात्यातल्याच एका तुकड्यावर आपटते, त्या धक्क्यानं बाण हलतात, काही हजार व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. दाबलं की वीज होते, आणि वीज दिली की माती किंचित हलते. काही चार्जरमधून बारीक गुणगुण ऐकू येते, ती कधीकधी या मातीचीच असते. पण माती ती माती. ती दाब सोसते, वाक सोसत नाही. पट्टी वाकली की पोटात केसाएवढी चीर पडते. वरून काही दिसत नाही. मग त्या चिरेत दमट हवा शिरते.

विजेच्या खांबावरची चिनी माती वेगळी. तिच्यात असे बाण नाहीत, म्हणून तिची साठवण वर्षानुवर्षं जवळजवळ तेवढीच राहते. तिचं म्हातारपण सगळं चिरांमधून येतं. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या बाजूला जाताना उंच मनोऱ्यांवर बशांच्या माळा लोंबताना दिसतात. १३२ हजार व्होल्टच्या तारेला साधारण नऊ-दहा बशा, ४०० हजारांच्या तारेला वीसच्या वर. प्रत्येक बशी सिमेंटनं लोखंडात बसवलेली असते. वर्षं जातात तसं ते सिमेंट किंचित फुगतं आणि आतून मातीला ताण देतं. त्यात आपला खान्देशचा उन्हाळा. दुपारी पंचेचाळीस अंश, रात्री गारवा, आणि जूनमध्ये तापलेल्या मातीवर वळवाचा पहिला सपकारा. उन्हाळाभर बसलेल्या धुळीचा चिखल होऊन वीज वरच्यावर वाहते, आणि जिथं आधीच चीर असेल तिथं ती आतून वाट काढते. पहिल्या पावसात दिवे जातात, त्यामागं पुष्कळदा हेच असतं. तेव्हा श्रोतेहो, पहिल्या पावसात लोखंडी खांबाला, त्याच्या ताणाच्या तारेला हात लावू नका, गुरं तिथं बांधू नका. वर कुठं चीर आहे ते खालून दिसत नाही. आणि एक खुलासा : पंख्यातला किंवा विहिरीवरच्या मोटारीचा कंडेन्सर या मातीचा नसतो, तो बहुधा प्लास्टिकच्या पातळ फिल्मचा असतो. तो बिघडण्याची कारणं निराळी.

आता पुन्हा माझ्या विद्यार्थ्याकडे येतो. उजळणी वर्गाहून आल्यावर मी शाळेच्या प्रयोगशाळेत तसलीच एक चकती घेतली, भट्टीत तापवली, निववली आणि मोजत बसलो. तासानं, दहा तासांनी, चार दिवसांनी. प्रत्येक पायरीला जवळजवळ पाच टक्के घट. आकडे सरळ रेघेत बसले. मग त्याचा शोध घेतला. तो कुठं लांब गेलाच नव्हता. हमरस्त्यावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते मोबाइल दुरुस्तीचं आहे.

दुकानात गेलो तेव्हा तो एका बिघडलेल्या पट्टीवर वाकलेला होता. उठून नमस्कार केला, चहा सांगितला. काय बोलावं मला सुचेना, म्हणून विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, ‘पडून वाकलेला माल आहे, सर. एखादा कॅपॅसिटर आतून चिरलाय आणि शॉर्ट झालाय. कुठला ते डोळ्यांना दिसत नाही.’ त्यानं सगळ्या कॅपॅसिटरांवर राळेचा पातळ धूर बसवला, पांढरी साय आल्यासारखी. मग बेताचा वीजदाब दिला. एका ठिकाणची साय वितळली आणि तेवढाच काळा ठिपका उघडा पडला. ‘हा बघा,’ तो म्हणाला, ‘जो दुखावलाय तो तापतो.’

मग मी सांगितलं. म्हटलं, त्या वर्षी तुझं ९.३ बरोबर होतं, चूक माझी होती. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, तिसऱ्या सोमवारी मी मोजलं होतं. ९.२ आलं होतं. पण तुम्ही पुन्हा रागवाल म्हणून १०.४ लिहिलं.’

घरी येऊन मी हिशेब केला. पहिल्या दोन आकड्यांवरून दोन आठवड्यांनंतरचा आकडा किती यायला हवा? ९.१ आणि ९.२ च्या मध्ये. सतरा वर्षांच्या पोरानं, साध्या मीटरवर, निसर्गाचा एक नियम अचूक पकडला होता. आणि मी, त्याचा शिक्षक, खरा आकडा खोडून त्याला खोटा आकडा लिहायला शिकवलं होतं. वर त्याबद्दल पूर्ण गुण दिले होते. मला फुलीपेक्षा त्या गुणांचंच जास्त वाईट वाटतं. फुलीनं तो दुखावला. गुणांनी त्याला सांगितलं, की सरांना हवं ते लिहिलं की काम भागतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दोन गोष्टी पाळल्या. प्रात्यक्षिकाच्या वहीत एक जादा रकाना आखायला लावला : ‘वस्तू शेवटची कधी तापली आणि मोजणी किती वाजता केली’. कारण क्षमतेचा नुसता आकडा म्हणजे अर्धीच माहिती. केव्हाचा आकडा, हे कळल्याशिवाय तो खरा की खोटा ते ठरवता येत नाही. आणि दुसरी गोष्ट, मुलाचा आकडा माझ्या अपेक्षेहून वेगळा आला, की लाल शाईचं पेन खिशातच ठेवायचं. आधी त्याला म्हणायचं, ‘चल, आपण दोघं मिळून पुन्हा मोजू.’

श्रोत्यांमध्ये शिक्षक असतील, पालक असतील. मुलं पुष्कळदा असं काही सांगतात, जे आपल्या पुस्तकात नसतं. ती थाप असेलही. पण मीटर समोर असताना मोजून पाहायला पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं दिली नाहीत, आणि तो तिसऱ्या सोमवारचा खरा आकडा वहीत यायचा राहिला तो राहिलाच.